लाल चुंग: ठेवायची की टाकायची?

माहजाँग सेट घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पेटीतल्या १४४ टाइल्समध्ये लाल अक्षर कोरलेल्या चार टाइल्स शोधा. मधोमध एक आडवा चौकोन आणि त्याला वरून खालपर्यंत छेदणारी उभी रेघ. ही चुंग. सरावलेले खेळाडू भिंतीतून, म्हणजे टेबलावर उलट्या रचलेल्या टाइल्सच्या रांगेतून, टाइल उचलतानाच अंगठ्याने ती रेघ चाचपून तिला ओळखतात. काही सेटमध्ये तिच्या कोपऱ्यात इंग्रजी ‘सी’ असतो, हिरव्या टाइलवर ‘एफ’ असतो.

नावात काय आहे

लाल, हिरव्या आणि पांढऱ्या टाइल्सना ‘ड्रॅगन’ म्हणण्याची पद्धत पाश्चात्त्यांची. १९२०च्या दशकात हा खेळ अमेरिकेत विकणाऱ्या जोसेफ बॅबकॉक यांच्याकडे त्या नावाचे श्रेय जाते. चिनी खेळाडू या तिघींना ‘सान्युआन’ म्हणतात. शाही परीक्षांच्या तिन्ही पातळ्यांवर पहिला येणे, असा त्यामागचा संदर्भ. चुंग म्हणजे मध्य. पण तेच अक्षर वेगळ्या सुरात उच्चारले की अर्थ होतो नेम लागणे, परीक्षेत उतरणे. हिरवीवरचे ‘फा’ धनलाभाच्या शुभेच्छेतले आहे. ड्रॅगनचा इथे कुठेच पत्ता नाही!

डावातली किंमत

रमी खेळणाऱ्यांना एका वाक्यात सांगायचे तर चुंगचा सिक्वेन्स लागत नाही. बांबू चिन्हाची पंजी (पाचची टाइल) ३-४-५, ४-५-६ किंवा ५-६-७ अशी कुठेही बसते. चुंगची मात्र जोडी होते, तिघींचा पंग होतो किंवा चौघींचा काँग. म्हणून एकटी चुंग हातात अडून बसते. पंग झाला की मात्र तिचे मोल वाढते. हाँगकाँगच्या पद्धतीत त्याचा एक फान (गुण मोजण्याचे एकक) मिळतो, आणि तिथे जिंकायला बरेचदा किमान तीन फान लागतात. जपानी पद्धतीत एक हान (तिथले तसेच एकक) मिळतो आणि तेवढ्यावर उघडा हातही, म्हणजे दुसऱ्याने टाकलेली टाइल घेऊन टेबलावर मांडलेला हातही, जिंकू शकतो. १९९८च्या चिनी स्पर्धा नियमांत दोनच गुण आहेत आणि जिंकायला आठ लागतात. तिथे नुसत्या चुंगच्या भरवशावर बसू नका.

एकच चुंग आली असेल आणि बाकीचा हात सिक्वेन्सकडे झुकत असेल, तर पहिल्या तीन-चार पाळ्यांतच ती टाकावी. तेव्हा दुसऱ्याकडे जोडी जमलेली असण्याची शक्यता कमी असते. नवे खेळाडू नेमके उलटे करतात: ‘मौल्यवान आहे’ म्हणून जपतात आणि भिंत अर्ध्यावर आली की टाकतात. तोवर समोर जोडी तयार असते.

जोडी असेल तर पहिली चुंग पडताच ‘पंग’ म्हणा आणि ती घ्या. भिंतीतून स्वतः उचलू म्हणून ती सोडलीत की उरते एकच, आणि ती कुणाच्या हातात अडकली आहे हे कळायला मार्ग नाही.

बचाव करताना पडलेल्या चुंग मोजा. दोन पडल्या आहेत आणि तिसरी तुमच्या हातात आहे, तर तुमच्या टाइलवर फक्त एकट्या चुंगची जोडी पुरी करायला थांबलेला किंवा ‘थर्टीन ऑर्फन्स’ (एक्के, नव्वे, वारे आणि ड्रॅगन यांची प्रत्येकी एक टाइल आणि त्यातल्या एकीची जोडी असा खास हात) जुळवणारा खेळाडू जिंकू शकतो. तीन पडून चौथी तुमच्याकडे असेल, तर धोका फक्त त्या ऑर्फन्सवाल्याचा. पण डाव उत्तरार्धात आला आणि एकही पडलेली नाही, तर हातातली सोडू नका; कुणीतरी जोडी धरून बसले आहे असे समजा.

समोरच्याने हिरवी आणि पांढरीचे पंग टेबलावर मांडले असतील तर चुंग टाकणे महागात पडते. जपानी नियमांत तिसरा पंग पुरवणाऱ्यावर जबाबदारी येते: मग त्याने स्वतः टाइल उचलून डाव जिंकला तरी सगळे पैसे एकटे तुम्हीच मोजता.

चीनच्या काही भागांत चारही चुंग जोकर म्हणून चालतात. मुंबईच्या क्लबांत आणि लष्करी वसाहतींतही टेबलागणिक नियम बदलतात, तेव्हा डाव मांडण्याआधी विचारून घ्या.

गल्लत आणि देखभाल

जपानी सेटमधल्या लाल पंज्या (लाल रंगातल्या पाचच्या टाइल्स) म्हणजे चुंग नव्हेत. तिथली पांढरी टाइल कोरीच असते आणि राखीव टाइल्सही कोऱ्या, त्यामुळे जास्तीच्या टाइल्स आधीच बाजूला काढा. नाहीतर चारऐवजी पाच पांढऱ्या खेळात येतात.

टाइल्स ओल्या फडक्याने, सौम्य साबणाने पुसा. सॅनिटायझर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका, खाचेतला लाल रंग निघतो. रंग गेलाच तर बारीक ब्रशने अॅक्रिलिक रंग खाचेत भरा आणि वर सांडलेला तो ओला असतानाच सपाट कापडाने पुसा. चारही टाइल्स एकदम रंगवा, म्हणजे छटा जुळते. टाइलच्या पाठीवर ओरखडा पडला असेल तर मात्र आमच्याकडून ती टाइल बदलून घ्या. ओरखडा ओळखीचा झाला की उलट्या ठेवलेल्या भिंतीतही ती चुंग सगळ्यांना दिसते.