विनियरची पेटी करताय? झाकणाला आतूनही विनियर लावा

लग्नसराई जवळ आली की आमच्याकडे पेटीचं सामान न्यायला गर्दी होते, कुणाला रुखवतात ठेवायला, कुणाला दागिन्यांसाठी, आणि फाइन आर्ट्सची मुलं तर वर्षभर येतच असतात. सगळ्यांच्या पेट्या छान होतात आणि मग काही दिवसांनी त्यातलेच काहीजण हातात झाकण घेऊन परत येतात, "तुमचं एमडीएफ वाकलं, बदलून द्या." हे इतक्यांदा झालंय की शेवटी कागदावरच लिहून द्यायचं ठरवलं.

एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, खराब नसतं. झाकण वाकतं कारण विनियर (खऱ्या लाकडाचं पातळ पान) फक्त वरच्या बाजूला लावलेलं असतं.

नेमकं काय होतं ते सांगतो. सुटं विनियर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचं, म्हणजे खरं लाकूडच. पांढऱ्या फेविकॉलमध्ये भरपूर पाणी असतं, ते पाणी पिऊन विनियर लाकडाच्या रेषेच्या आडव्या दिशेला फुगतं (लांबीत जवळजवळ काही फरक पडत नाही) आणि त्याच फुगलेल्या अवस्थेत चिकटून बसतं. मग सुकताना ते आकसायला बघतं, पण खालचा बोर्ड काही त्याच्याबरोबर आकसत नाही, म्हणून ते बोर्डालाच आपल्याकडे ओढून घेतं. झाकण 6 एमएमचं असेल तर त्याच्यात विरोध करायची ताकदच नाही, वरून बशीसारखं खोल होतं आणि समोरासमोरच्या दोन कडा उचलल्या जातात. आमच्या काउंटरवर दोन पट्ट्या ठेवल्यात, एकीला एकाच बाजूने विनियर, दुसरीला दोन्ही बाजूंनी. पहिलीवर स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडाकडे बघा, मधून उजेड येतो. दुसरीत येत नाही. कुणीही येऊन बघा.

उपाय एकच, दोन्ही बाजूंना विनियर, आणि दोन्ही एकाच वेळी प्रेसमध्ये. आतल्या बाजूला महागातलं सागवान किंवा अक्रोडच हवं असं अजिबात नाही, साधं स्वस्त विनियर चालतं, फक्त जाडी तेवढीच हवी आणि रेषा त्याच दिशेने हव्यात. एक उभं एक आडवं लावलंत तर झाकण पिळवटतं, ते आणखी वाईट. प्लायवूडमध्ये थर बहुधा 3, 5, 7 असे विषम असतात त्याचंही कारण हेच, मधल्या थराच्या दोन्हीकडे ओढ सारखी राहावी म्हणून.

यावर लोक म्हणतात, आतून तर वेल्वेट लागणार, दिसणारच नाही, मग खर्च कशाला. वेल्वेट ओढत नाही हो. ते नुसतं कापड आहे, त्याने तोल साधत नाही. दुसरं म्हणतात की आमचे मिस्त्री कपाटाला एकाच बाजूने लावतात, काही होत नाही. बरोबर आहे, पण तिथे जाड प्लाय असतो, तो फ्रेमला स्क्रूने आवळलेला असतो, आणि विनियरही बहुतेक वेळा आधीच पातळ प्लायवर चिकटवलेलं 4 एमएमचं शीट असतं. पेटीचं झाकण पातळ, आणि दोन छोट्या पितळी बिजागऱ्यांवर मोकळं. त्याला धरून ठेवणारं कुणी नाही.

त्यात आपलं बडोद्याचं हवामान. श्रावणात हवेत ओल असते तेव्हा केलेलं झाकण त्यावेळी सरळ दिसतं, आणि उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या सुमाराच्या, कोरड्या थंडीत वाकतं, मग वाटतं माल खराब निघाला. म्हणूनच पॉलिशसुद्धा दोन्ही बाजूंना मारायचं, आतून एक हात तरी.

आता क्रम. झाकणाच्या फळीला आतलं आणि वरचं दोन्ही विनियर पेटी जोडायच्या आधीच लावायचं, नंतर आत क्लॅम्प जात नाही. फेविकॉलचा पातळ सारखा हात बोर्डावर द्यायचा, विनियरवर नाही, वर प्लास्टिक, त्यावर सपाट जाड फळी, आणि रात्रभर दाबात. गोंद जास्त झाला तर रेषांमधून वर येतो आणि तिथे पॉलिश धरत नाही, डाग दिसतो. घाईसाठी काहीजण रबरवालं सोल्युशन वापरतात, सुट्या विनियरला आम्ही ते देत नाही, पॉलिशमधलं थिनर आत झिरपलं की फुगे येतात. पॉलिश पेपर कोपऱ्यांवर हलका चालवा, विनियर घासून जायला वेळ लागत नाही.

आणि झाकण वेगळं बनवू नका. प्रेस केलेली झाकणाची फळी बसवून पेटी सहाही बाजूंनी बंद करायची, उरलेल्या बाजूंना बाहेरून विनियर लावायचं आणि मग करवतीवर झाकण कापून काढायचं, म्हणजे झाकणावरची रेष खाली पेटीत तशीच उतरते. हे बघायला फार सुंदर दिसतं, आणि यात पेटीचं खरं काम कळतं. करवतीत साधारण 3 एमएम जातात ते उंचीत आधीच धरा. कापून हवं असेल तर आम्ही देतो.

आमचं किट बाजारापेक्षा थोडं महाग पडतं ते यासाठीच की त्यात झाकणाची फळी दोन्ही बाजूंनी प्रेस करून येते, आतलं विनियर धरून. एका बाजूने प्रेस करून द्या म्हणालात तर आम्ही नाही म्हणतो, राग मानू नका.

झाकण आधीच वाकलं असेल तर टाकू नका, घेऊन या. आतून विनियर लावून सपाट प्रेसमध्ये ठेवलं की थोडा बाक असेल तर बऱ्यापैकी निघतो, जास्त असेल तर नवी फळी लागेल, ते बघूनच सांगू. वरच्या डिझाइनला समोरासमोर जुळणारी रेष हवी असेल तर एकाच ओंडक्याची लागोपाठची पानं लागतात, ती नंतर मिळत नाहीत, तेव्हा पेटीचं माप घेऊन या आणि सगळी पानं एकदमच न्या.