सरकार डॉक्टरांचं मालक की फक्त बिल भरणारं?

अमेरिकेत आरोग्यव्यवस्था बदलायची चर्चा निघाली की अनेक डॉक्टरांच्या मनात पहिली भीती येते ती सरकारी नोकर होण्याची. उद्या कोणीतरी अधिकारी आपली बदली करेल, पगार ठरवेल, कोणत्या रुग्णाला काय द्यायचं तेही सांगेल. ही भीती पोकळ नाही. पण ज्या प्रस्तावाला घाबरून ती व्यक्त होते, त्यात बहुतेक वेळा असं काही लिहिलेलंच नसतं. सरकारने सगळ्यांच्या उपचाराची जबाबदारी घेणं म्हणजे काय, याच्या दोन अगदी वेगळ्या रीती आहेत. त्या एकमेकींत मिसळल्या की डॉक्टरांचा पाठिंबा मिळवायचं काम सुरू होण्याआधीच फसतं.

पहिल्या रीतीत सरकार रुग्णालय चालवतं. इमारत, खाटा, यंत्रं सरकारची आणि तिथले डॉक्टर सरकारच्या पगारावर. ब्रिटनची एनएचएस, म्हणजे तिथली राष्ट्रीय आरोग्यसेवा, हे याचं ठळक उदाहरण. दुसऱ्या रीतीत सरकार फक्त पैसे देतं. डॉक्टरचा दवाखाना त्याचा स्वतःचा, रुग्ण त्याच्याकडे हवा तेव्हा जातो आणि बिल मात्र रुग्णाला किंवा पन्नास विमा कंपन्यांना न जाता एकाच सरकारी निधीकडे जातं. याला सिंगल पेअर म्हणतात आणि त्याचं नेहमीचं उदाहरण कॅनडा. (जर्मनी, स्वित्झर्लंड यांची अनेक विमा निधींची तिसरी रीत आहे. ती इथे बाजूला ठेवतो, कारण गोंधळ होतो तो या दोनांतच.)

आधी ब्रिटन. ५ जुलै १९४८ या दिवशी इंग्लंड आणि वेल्समधली अडीच हजारांहून जास्त रुग्णालयं सरकारच्या ताब्यात आली. धर्मादाय, नगरपालिकेची, सगळीच. हे घडवून आणलं आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांनी. वेल्समधल्या ट्रेडेगर गावचा, लहानपणी कोळशाच्या खाणीत उतरलेला हा माणूस. डॉक्टर त्यांच्या बाजूने होते असा समज असेल तर तो काढून टाकावा. त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने सदस्यांचा कौल घेतला तेव्हा ४०,८१४ डॉक्टर विरोधात होते आणि बाजूने ४,७३५. म्हणजे बाजूच्या एकामागे विरोधात जवळजवळ नऊ.

बेव्हन यांनी या सगळ्यांची समजूत काढायचा प्रयत्न केला नाही. वेगवेगळ्या डॉक्टरांच्या भीती वेगवेगळ्या होत्या हे त्यांनी ओळखलं आणि प्रत्येकीला वेगळं उत्तर दिलं. मोठ्या रुग्णालयांतल्या तज्ज्ञांना खासगी रुग्ण जाण्याची काळजी होती. त्यांना अर्धवेळ सरकारी काम करून खासगी प्रॅक्टिस चालू ठेवायची मुभा मिळाली, सरकारी रुग्णालयातच पैसे देणाऱ्या रुग्णांसाठी खाटा मिळाल्या, वर गुणवत्तेनुसार जादा मानधनही. या वाटाघाटीत रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे अध्यक्ष लॉर्ड मोरॅन यांचा मोठा हात होता. गल्लीतल्या जनरल प्रॅक्टिशनरची भीती निराळी होती: आज दर रुग्णामागे ठरलेली रक्कम देतील, उद्या पगारी नोकर करतील. एप्रिलमध्ये बेव्हन यांनी जाहीर केलं की नवा कायदा संसदेतून मंजूर झाल्याशिवाय पूर्ण पगारी सेवा लादता येणार नाही, अशी तरतूद आपण कायद्यातच करू. प्रॅक्टिस विकण्याचा हक्क जाणार होता, त्याच्या भरपाईसाठी ६ कोटी ६० लाख पौंड आधीच बाजूला ठेवले होते.

मे महिन्यात पुन्हा कौल घेतला. विरोधात २५,८४२, बाजूने १४,६२०. बहुमत अजूनही विरोधातच होतं. पण एकजूट मोडली होती, बहिष्कार टिकेल एवढं बळ उरलं नव्हतं, आणि असोसिएशनने सदस्यांना सहभागी व्हायचा सल्ला दिला. पाठिंबा म्हणजे बहुमत, असं मानणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे आकडे नीट पाहावेत.

इथेच एक बारीक गुंता आहे. ज्या एनएचएसला आपण सरकारी मालकीचा नमुना म्हणतो, तिथल्या जनरल प्रॅक्टिशनरांचे दवाखाने आजही बहुतांशी स्वतंत्र कंत्राटदार डॉक्टरांचे आहेत. नोंदवलेल्या रुग्णांमागे सरकार पैसे देतं, दवाखाना ते चालवतात. सरकारी पगारावर आहेत ते रुग्णालयातले डॉक्टर. म्हणून २०२३ मध्ये इंग्लंडमधले कनिष्ठ डॉक्टर संपावर गेले तेव्हा मागणी पगाराची होती. मालक एकच असला की भांडण पगारावरून होतं. गेल्या कित्येक दशकांत भारतातून हजारो डॉक्टर या सेवेत गेले, त्यांत मराठी घरांतलेही आहेत. त्यांना हे नव्याने सांगायला नको.

आता कॅनडा, आणि त्यातही सास्काचेवान. गव्हाची शेती, विरळ वस्ती, कडाक्याचा हिवाळा. गावात डॉक्टर टिकत नाही म्हणून तिथल्या सार्निया नावाच्या ग्रामीण पालिकेने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास स्वतःच्या निधीतून डॉक्टरला पैसे द्यायला सुरुवात केली होती. प्रांताचे पंतप्रधान झालेले टॉमी डग्लस लहान असताना त्यांच्या पायाच्या हाडाला संसर्ग झाला होता. पाय कापावा लागेल अशी वेळ आली. विनिपेगच्या एका शल्यविशारदाने विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी म्हणून फुकट शस्त्रक्रिया केली आणि पाय वाचला. एखाद्या मुलाचा पाय डॉक्टरच्या मर्जीवर वाचावा हे डग्लस यांना आयुष्यभर खटकत राहिलं. १९४७ मध्ये त्यांच्या सरकारने रुग्णालयाच्या खर्चाचा सार्वत्रिक विमा आणला. पुढची पायरी होती डॉक्टरांच्या फीची.

ती आली १ जुलै १९६२ रोजी, डग्लस यांच्यानंतरचे पंतप्रधान वुड्रो लॉइड यांच्या काळात. त्याच दिवशी प्रांतातल्या बहुतेक डॉक्टरांनी दवाखाने बंद केले.

नवल असं की या कायद्यात कोणालाही नोकर करायचं ठरलेलं नव्हतं. डॉक्टरने तपासायचं, सरकारी आयोगाने फी द्यायची, एवढंच. मग संप कशासाठी? कायद्यातली काही कलमं आयोगाला इतके मोकळे अधिकार देत होती की उद्या काम कसं करायचं हेही तो ठरवू शकेल, असं डॉक्टरांना वाटत होतं. योजना बिल भरण्याची होती, पण डॉक्टरांना तिच्यात मालकी दिसत होती. आणि सरकारने हा फरक वेळेवर, लेखी, स्पष्ट केला नव्हता. माझ्या मते दोष इथे सरकारकडेही जातो.

संप २३ दिवस चालला. आमचे डॉक्टर राहू द्या, अशी हाक देत नागरिकांच्या समित्या उभ्या राहिल्या. ११ जुलैला रेजायना शहरात त्यांनी मोठा मोर्चा बोलावला, पण अपेक्षेपेक्षा फारच कमी लोक आले. सरकारने ब्रिटनहून डॉक्टर आणले. योजनेच्या बाजूने असलेल्या मोजक्या डॉक्टरांनी आणि रहिवाशांनी मिळून सामुदायिक दवाखाने सुरू केले. हे मोजके डॉक्टर मला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत धाडसी लोक वाटतात. स्वतःच्याच व्यवसायबंधूंची नाराजी पत्करून ते रोज दार उघडून बसले.

तोडगा काढला लॉर्ड टेलर यांनी. ते ब्रिटनच्या मजूर पक्षाचे आणि स्वतः डॉक्टर. २३ जुलैला सास्काटून करार झाला. डॉक्टरला योजनेबाहेर राहून रुग्णाकडून थेट फी घेता येईल आणि रुग्णाला ती परत मिळेल. बिलं मधल्या स्वयंसेवी संस्थांमार्फतही पाठवता येतील. प्रत्येक कामामागे फी ही पद्धत राहील. उपचाराच्या निर्णयात ढवळाढवळ होणार नाही. सार्वत्रिक योजना तशीच राहिली. भीतीतला जो भाग खरा होता, त्याला कागदावर उत्तर मिळालं. पुढच्या काही वर्षांत विरोध विरत गेला, कारण बिल बुडायची चिंताच संपली होती. न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या आयोगाने १९६४ मध्ये ही व्यवस्था साऱ्या देशासाठी सुचवली, १९६६ मध्ये केंद्रीय कायदा झाला आणि १९७२ पर्यंत सगळे प्रांत त्यात आले.

भांडणं मात्र थांबली नाहीत. १९८४ च्या कॅनडा हेल्थ ॲक्टने सरकारी दरावर रुग्णाकडून वर पैसे घेण्याला आळा घातला, आणि १९८६ मध्ये ऑन्टॅरिओचे डॉक्टर त्यावरून संपावर गेले. इंग्लंडमध्ये पगार, इथे दर. समोर कोणती व्यवस्था आहे हे ओळखायचं असेल तर डॉक्टर आणि सरकार कशावरून भांडतात ते पाहावं.

अमेरिकेत या दोन्ही रीती आधीपासून आहेत. माजी सैनिकांची व्हीए रुग्णालयं सरकारी मालकीची, डॉक्टर पगारी. ६५ वर्षांवरच्यांसाठीचं मेडिकेअर हे बिल भरणारं, डॉक्टर खासगी. तरी १९४५ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी राष्ट्रीय आरोग्य विम्याचा प्रस्ताव मांडला तेव्हा अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्याला समाजवादी वैद्यक ठरवलं. पुढे प्रत्येक सदस्याकडून २५ डॉलर गोळा करून व्हिटेकर अँड बॅक्स्टर या प्रचारसंस्थेला काम दिलं. १९६१ मध्ये त्याच विषयावर रोनाल्ड रेगन यांच्या आवाजातली ध्वनिमुद्रिका घरोघरच्या कॉफीच्या बैठकांत वाजवली गेली. सरकारी विमा म्हणजे सरकारी नोकरी, हे समीकरण डॉक्टरांच्या डोक्यात या प्रचाराने पक्कं बसवलं.

सगळेच डॉक्टर त्या बाजूला नव्हते. कृष्णवर्णीय डॉक्टरांच्या नॅशनल मेडिकल असोसिएशनने मेडिकेअरला पाठिंबा दिला. दक्षिणेतल्या वैद्यकीय संघटनांचं सदस्यत्व आणि अनेक रुग्णालयांची दारं या डॉक्टरांना बंद होती. चालू व्यवस्थेत गमावण्यासारखं त्यांच्याकडे कमी होतं आणि तिचे बळी ते रोज तपासत होते. १९६५ मध्ये मेडिकेअर आलं, डॉक्टरांना रूढ दराने फी मिळू लागली आणि विरोधाची धार गेली.

डेव्हिड हिमेलस्टीन आणि स्टेफी वुलहँडलर या डॉक्टरांनी १९८७ मध्ये सिंगल पेअरसाठी फिजिशियन्स फॉर अ नॅशनल हेल्थ प्रोग्रॅम ही संघटना काढली. त्यांनी हा फरक नेमका पकडला. सुधारणेची मागणी डॉक्टरांच्याच तोंडून, वैद्यकीय नियतकालिकांत, आकड्यांसह मांडायची, ही त्यांची पद्धत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५९ टक्के डॉक्टर राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या कायद्याच्या बाजूने होते. २००२ मध्ये हेच प्रमाण ४९ टक्के होतं. २०१९ च्या जूनमध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या सभेत सिंगल पेअरविरोधी धोरण मागे घ्यायचा ठराव आला. त्यामागे विद्यार्थी विभाग होता. ठराव पडला, पण ५३ विरुद्ध ४७ टक्क्यांनी. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्याच दुसऱ्या संघटनेने सिंगल पेअर आणि सरकारी विम्याचा पर्याय या दोन्हींना पाठिंबा जाहीर केला.

मतं का बदलली याचं एक उत्तर अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्याच पाहणीत आहे. २०१८ मध्ये पहिल्यांदा नोकरी करणाऱ्या डॉक्टरांची संख्या स्वतःच्या प्रॅक्टिसचे मालक असलेल्यांपेक्षा जास्त भरली. ज्या नोकरीची धास्ती होती ती सरकारने नाही, तर रुग्णालयांच्या साखळ्यांनी आणि कंपन्यांनी आणली. उपचारापूर्वी परवानगी मागायला विमा कंपनीच्या फोनवर ताटकळत बसणाऱ्या डॉक्टरला स्वातंत्र्य धोक्यात येईल असं सांगून घाबरवणं अवघड असतं.

म्हणून डॉक्टरांशी बोलायला जाणाऱ्याने पहिल्याच बैठकीत सांगावं की प्रस्ताव बिल भरण्याचा आहे, मालकीचा नाही. आणि लगेच हेही मान्य करावं की बिल भरणारा एकच असला तर दर पाडण्याची ताकदही त्याच्याच हातात येते. मेडिकेअरचे दर खासगी विम्यापेक्षा कमी आहेत. हाडांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्याचं यात खरोखर नुकसान होऊ शकतं आणि त्याचा विरोध अज्ञानातून आलेला नसतो. बालरोगतज्ज्ञ, कुटुंबाचा डॉक्टर, ग्रामीण भागातला डॉक्टर यांचं गणित वेगळं आहे. बेव्हन यांना जे कळलं होतं तेच इथेही लागू पडतं: डॉक्टर हा एकच गट नाही.

आपल्याकडेही हीच सरमिसळ आहे. भोर समितीने १९४६ मध्ये पगारी डॉक्टरांची सरकारी व्यवस्था सुचवली होती. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि जिल्हा रुग्णालयं त्या वळणाची. महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मात्र मुख्यतः बिल भरतात, आणि खासगी डॉक्टरांची तक्रार तिथे पॅकेजच्या दरांची आणि रखडलेल्या पैशांची असते. राजस्थानात मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा आला आणि खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. आणीबाणीच्या रुग्णाला आगाऊ पैसे न घेता तपासायचं, रुग्ण देऊ शकला नाही तर सरकार भरपाई देईल, असं कायदा सांगत होता. किती आणि कशी, हे पुढच्या नियमांवर सोडलं होतं. सास्काचेवानच्या डॉक्टरांना २३ दिवसांनी जे लेखी मिळालं, ते इथे कागदावर आलं नाही. एप्रिलच्या सुरुवातीला समझोता झाला तो सरकारी जमीन किंवा सवलत न घेतलेल्या खासगी रुग्णालयांना कायद्यातून वगळण्यावर.