पांढरं अस्वल, लाल फोक्सवॅगन आणि इजिप्तचा संन्यासी

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय की बायबलमधलं एक वचन रोज म्हणा, 21 दिवसांत मेंदूचं वायरिंग बदलतं, सायन्सने सिद्ध झालंय. आता पौल या सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकाने बायबलमधल्या रोमकरांस पत्रात मनाच्या नवीकरणाबद्दल लिहिलंय हे खरं, पण मुदत काही दिलेली नाही. आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सवयी लागायला किती दिवस लागतात ते बघितलं तेव्हा कुणाला 18 दिवस तर कुणाला अंदाजाच्या हिशोबाने 254 दिवस असा फरक निघाला. त्यामुळे 21 सोडा.

पण वचनाचा आणि विचारांचा संबंध आहे, आणि तो या फॉरवर्डपेक्षा भारी आहे.

1987 मध्ये डॅनियल वेगनर या मानसशास्त्रज्ञाने कॉलेजच्या मुलांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. पुढची गंमत अशी की नंतर 'आता खुशाल विचार करा' म्हटल्यावर, आधी विचार दाबणाऱ्यांच्या डोक्यात अस्वल इतरांपेक्षा जास्त आलं. वेगनरचं म्हणणं, विचार दाबताना मनात दोन कामं चालतात. एक, दुसरं काहीतरी शोधून त्यात मन गुंतवणं, याला मेहनत लागते. दुसरं, 'अस्वल आलं का, आलं का' म्हणून वॉचमनसारखं बघत बसणं, हे आपोआप चालतं. माणूस थकला, टेन्शनमध्ये असला की पहिलं काम ढेपाळतं पण वॉचमन जागाच, आणि ज्याला शोधतोय त्यालाच तो समोर आणून उभं करतो. म्हणून रात्री दोन वाजता नको तेच आठवतं!

मग त्याने काही जणांना सांगितलं, अस्वल आलं की लाल फोक्सवॅगन आठवा. एकच ठरलेली गोष्ट. नंतर अस्वल उसळून येणं कमी झालं.

आता चौथ्या शतकात या. इजिप्तच्या वाळवंटात एवाग्रिउस नावाचा ख्रिस्ती संन्यासी, मृत्यू 399 मध्ये. त्याने त्रास देणाऱ्या विचारांचे आठ प्रकार केले, खादाडपणा, राग, खिन्नता असे. त्यातला कंटाळा तर बघा कसा पकडलाय: सूर्य हलतच नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, संन्यासी सारखा खिडकीतून बघतो जेवणाची वेळ, म्हणजे दुपारचे तीन, व्हायला किती अवकाश आहे. (ऑफिसमध्ये वेगळं काय होतं?) आणि एका ग्रंथात त्याने विचारागणिक उत्तर म्हणून जवळपास पाचशे वचनं लावून दिली. येशूने रानात सैतानाला वचनांनी उत्तर दिलं, तोच नमुना. एवाग्रिउस या विचारांमागे भुतं आहेत म्हणायचा, ते त्याच्या काळाचं, पण आज डिप्रेशनच्या पेशंटला 'तुझा विश्वास कमी पडतोय' म्हणणाऱ्यांना ती सवलत नाही, डॉक्टरकडे न्या त्याला.

तर ठरलेलं वचन म्हणजे लाल फोक्सवॅगनच, वर पाठ असल्यामुळे थकलेल्या मनालाही झटकन सापडणारी, असा माझा अंदाज, प्रयोग कुणी केलाय असं म्हणत नाही.

एक मात्र आहे. काहींना पापाच्या विचारांचा ओसीडी, म्हणजे नको ते विचार सारखे येत राहण्याचा आजार असतो, ते दर विचाराला प्रार्थना म्हणत सुटतात आणि वॉचमन अजूनच सावध होतो, तिथे थेरपिस्ट उलटं शिकवतात, विचार येऊ दे, उत्तर देऊच नकोस.