माळ आणि बाटली: व्यसनावरच्या मराठी लघुपटांची पार्श्वभूमी

गावाकडे अमक्याने दारू सोडली, असं सरळ कुणी सांगत नाही. ‘त्यानं माळ घातली’ म्हणतात. पंढरपूरला नाहीतर आळंदीला जाऊन तुळशीची माळ गळ्यात पडली की दारू आणि मटण दोन्ही सुटलं, हे ऐकणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. व्यसन, श्रद्धा आणि परंपरा एकाच गोष्टीत गुंफू पाहणाऱ्या लघुपटकाराला हा विषय म्हणूनच आयता सापडतो. पंधरा मिनिटांत बाटली फुटते, टाळ वाजतात, शेवट गोड. पण या माळेमागे बराच मोठा आणि बराच गुंतागुंतीचा इतिहास आहे.

मुळात दारू देवाच्या दारात आधीपासून होतीच. आदिवासी पाड्यांवर मोहाच्या दारूचे चार थेंब आधी देवाला आणि पूर्वजांना, मग माणसांना. लग्नात ताडी, मर्तिकातही दारू. हे व्यसन नव्हतं, रीत होती. इंग्रजांनी १८७८च्या अबकारी कायद्याने या रितीवर कर बसवला. १८९२च्या मोहा कायद्याने ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करण्यावर, बाळगण्यावरच बंधनं आली. घरची दारू गुन्हा ठरली आणि मक्तेदाराच्या गुत्त्यावरची कायदेशीर. पिणं थांबलं नाही, उधारी मात्र सुरू झाली. कर्जात जमिनी गेल्या.

मग १९२२ साली एक विलक्षण गोष्ट घडली. पालघरच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्त्यांतून एक देवी निघाली आणि डोंगरपाड्यांतून वर सरकत वर्षअखेर सुरत जिल्ह्यात पोचली. ज्यांच्या अंगात ती यायची, ते सांगायचे: दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा. लोकांनी ऐकलं. गुत्ते ओस पडले, मक्तेदार हादरले. गांधीवादी कार्यकर्ते तिथे पोचले ते नंतर. दारूबंदीचा हुकूम सरकारने नव्हे, पुढाऱ्यानेही नव्हे, देवीने दिला होता. या विषयावर पूर्ण लांबीचा चित्रपट व्हायला हवा होता, असं मला राहून राहून वाटतं.

विदर्भात गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) हेच काम एकट्याने, खराटा आणि फुटकं गाडगं घेऊन केलं. वडील दारूपायी गेलेले. स्वतःच्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाचं जेवण घालायला त्यांनी नकार दिला आणि पंगतीला गोडाधोडाचं वाढलं. भाऊबंद चिडले. रीत मोडली ती अशी घरापासून.

पांढरपेशा मराठी माणसाच्या डोक्यातला दारुडा मात्र कीर्तनातून नव्हे, रंगभूमीवरून आला. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ त्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ साली रंगमंचावर आलं. दारूत बुडणारा वकील सुधाकर आणि त्याची बायको सिंधू; सिंधू झाले होते बालगंधर्व. सिंधूच्या हालांवर प्रेक्षक रडले आणि तळीरामाच्या आर्यमदिरामंडळावर पोट धरून हसले. हे हसू आणि हे रडू मराठी पडद्याने वारशात जसंच्या तसं घेतलं. १९३९मध्ये मुंबईत दारूबंदी आली, त्याच वर्षी मास्टर विनायक आणि आचार्य अत्रे यांचा ‘ब्रँडीची बाटली’ झळकला. त्यात दामूअण्णा मालवणकरांचा भोळा कारकून त्या एका बाटलीसाठी वणवण फिरतो. त्यात देवीचा पाडा कुठेच नाही.

हे बदलायला १९८५ उजाडावं लागलं. सुमित्रा भावे या सिनेमाच्या नव्हे, समाजसंशोधनाच्या वाटेने आल्या. संशोधन ज्या बायकांवर केलं, त्यांच्यापर्यंत ते परत पोचावं म्हणून त्यांनी ‘बाई’ हा लघुपट केला. झोपडपट्टीतल्या बाईचा झगडा तिच्या बाजूने सांगणारा. मुकाट सोसणाऱ्या सिंधूपासून ती फार दूर उभी होती. पुढच्याच वर्षी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) विळख्यात सापडलेल्या पोरांवर अनिल अवचटांनी लिहिलेलं वाचून पु. ल. आणि सुनीताबाईंनी दिलेली देणगी त्यामागे होती. व्यसन हा आजार आहे, हे वाक्य मराठी घरांत रुळायला लागलं ते साधारण तेव्हापासून.

गंमत अशी, की उपचार आले तरी देव गेला नाही. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बारा पायऱ्यांमध्ये तो आहेच, फक्त ज्याला जसा उमगेल तसा. मीटिंगमध्ये कुणी पुन्हा प्याला तर ‘स्लिप झाली’ म्हणतात. गावात ‘माळ काढून ठेवली’. गडकऱ्यांचा सुधाकरही दारू सोडतो, नोकरी मागायला जातो, दारोदार अपमान होतो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो. शंभर वर्षांपूर्वी रंगमंचावर आलेला हा प्रसंग आजच्या बहुतेक लघुपटांत नसतो. त्यांचा कॅमेरा माळ गळ्यात पडताच बंद होतो.