पगार वाढला की हातात कमी येतो?

मुंबईत महिन्याला पन्नास-साठ हजारांत घर चालवणारेही म्हणतात, ‘वाढ नको, कराच्या वरच्या स्लॅबमध्ये, म्हणजे जास्त दराच्या टप्प्यात गेलो तर हातात कमीच येईल.’ चूक. वरचा दर फक्त मर्यादेपलीकडच्या रकमेला लागतो. शिवाय २०२५-२६च्या नव्या करप्रणालीत १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या वार्षिक पगाराला प्राप्तिकर शून्य. या पन्नास-साठ हजारवाल्यांचा खिसा रिकामा करतं घरभाडं, कर नव्हे!

अफवेत तथ्य आहे, पण एका अरुंद पट्ट्यात. १२.७५ लाखांवर १० हजार वाढले, तर वाढीव रकमेपेक्षा जास्त कर न घेण्याची सवलत धरूनही १० हजार कर, वर त्या करावर ४ टक्के उपकर: म्हणजे ४०० रुपये पदरचे. साधारण १३.४५ लाखांनंतर वाढ पुन्हा हाती पडू लागते.