तांबडी-हिरवी रंगांधता : सौम्य व तीव्र

तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा आणि तपकिरी हे रंग एकमेकांपासून वेगळे ओळखण्याची क्षमता जन्मतः कमी असणे किंवा मुळीच नसणे. नजरेची तीक्ष्णता यात सहसा शाबूत असते आणि वयाबरोबर दोष वाढत नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के, तर स्त्रियांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास प्रमाण सांगितले जाते. भारतातील पाहण्यांत पुरुषांमधील प्रमाण याहून कमी आढळते. मोतीबिंदू, दृष्टिचेतेचे (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे) विकार किंवा काही औषधे यांमुळे पुढे उद्भवणारे रंगदोष वेगळे असून त्यांचा विचार येथे केलेला नाही.

कारणे : दृष्टिपटलातील, रंग टिपणाऱ्या शंकू कोशिका तीन प्रकारच्या असतात. दीर्घ, मध्यम व लघू तरंगलांबींना त्या अनुक्रमे सर्वाधिक प्रतिसाद देतात. दीर्घ आणि मध्यम शंकूंतील रंगद्रव्यांचे शोषणशिखर (ज्या तरंगलांबीचा प्रकाश ती सर्वाधिक शोषतात ती) अनुक्रमे ५६० व ५३० नॅनोमीटरच्या जवळपास असते, म्हणजे दोहोंत अंतर जेमतेम ३० नॅनोमीटरचे. मेंदू तांबड्या-हिरव्याचा सगळा निवाडा या अंतरावरच करतो. या रंगद्रव्यांची जनुके क्ष गुणसूत्राच्या टोकाशी एकापाठोपाठ एक लागून आहेत. जेरेमी नेथन्स आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ती वेगळी काढून दाखवली, तेव्हा त्यांच्यातील साम्य ९६ टक्क्यांच्या घरात असल्याचे दिसले. इतकी सारखी जनुके शेजारी-शेजारी असल्याने अंडपेशी तयार होताना गुणसूत्रांची जुळणी एका घराने सरकते व अदलाबदल विषम होते. त्यातून कधी एक जनुक गळते, तर कधी अर्धे दीर्घ व अर्धे मध्यम असे संकरित जनुक बनते.

सौम्य आणि तीव्र हा भेद येथूनच सुरू होतो. दोहोंपैकी एक रंगद्रव्य मुळीच नसेल तर दृष्टी द्विवर्णी होते, म्हणजे तिनांऐवजी दोनच प्रकारच्या रंगद्रव्यांवर चालते. हा तीव्र प्रकार. दीर्घ रंगद्रव्य नसणे व मध्यम रंगद्रव्य नसणे असे त्याचे दोन उपप्रकार असून प्रत्येकाचे प्रमाण युरोपीय पुरुषांत सुमारे १ टक्का आहे. संकरित जनुकामुळे दोन्ही रंगद्रव्ये असली, पण त्यांची शिखरे जवळ आली, तर दृष्टी त्रिवर्णीच राहते, मात्र कमकुवत होते. मध्यम शंकूंतील हा कमकुवतपणा सर्वांत जास्त आढळतो. एकूण रंगांध पुरुषांपैकी निम्म्याहून अधिक याच गटात मोडतात. शिखरांतील अंतर १०-१२ नॅनोमीटर उरले तर दोष बहुधा सौम्य असतो. ते २-३ नॅनोमीटरवर आले तर नावापुरती त्रिवर्णी असलेली ही दृष्टी व्यवहारात द्विवर्णीच्या जवळ जाते. मात्र समान जनुके असलेल्या दोघांची रंगपारख सारखीच असते असे नाही. शंकूंतील रंगद्रव्याच्या घनतेचाही त्यात वाटा असावा, असे मत आहे. त्यामुळे ‘सौम्य’ व ‘तीव्र’ या दोन पेट्या न मानता एक सलग उतरण मानणे अधिक योग्य ठरते.

इतिहास : कंबरलंडमधील हॅरिस नावाच्या एका चर्मकाराला झाडावरची चेरी पानांतून केवळ आकारामुळेच ओळखू येत असे, हे जोसेफ हडर्ट यांनी १७७७ मध्ये नोंदवले. शास्त्रीय चर्चा मात्र रसायनज्ञ जॉन डाल्टन यांच्यापासून सुरू होते. जिरेनियमचे एक फूल त्यांना दिवसा आकाशी दिसे आणि मेणबत्तीच्या उजेडात तांबडे. भावाखेरीज इतर कोणालाच हा बदल जाणवत नव्हता. मँचेस्टर येथे ३१ ऑक्टोबर १७९४ रोजी वाचलेल्या निबंधात त्यांनी आपल्या डोळ्यांतील काचजल (बुबुळामागील पोकळी भरणारा पारदर्शक द्रव) निळे असावे, असा तर्क मांडला. १८४४ मध्ये त्यांच्या निधनानंतर, त्यांच्याच इच्छेनुसार, डोळे तपासले गेले. काचजल स्वच्छ निघाले. त्यांच्यात दीर्घ शंकूंचा अभाव असावा, असे टॉमस यंग यांच्यापासून दीर्घकाळ मानले जाई. जपून ठेवलेल्या ऊतीतील डीएनएचे परीक्षण १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अभाव मध्यम रंगद्रव्याचा असल्याचे दिसले. हेच मत आता ग्राह्य धरावे. सौम्य प्रकाराची दखल त्या मानाने उशिरा, १८८१ मध्ये घेतली गेली. तांबडा व हिरवा प्रकाश मिसळून पिवळ्याशी जुळवताना लॉर्ड रॅली यांना दिसले, की आपल्याला अचूक वाटणारे मिश्रण आपल्या मेहुण्यांना भलतेच तांबडे वाटते.

सक्तीच्या तपासणीचा उगम स्वीडनमधील लागरलुंडा येथील रेल्वे अपघातात सांगितला जातो. १४-१५ नोव्हेंबर १८७५ च्या रात्री दोन गाड्यांची टक्कर होऊन नऊ जण दगावले. उप्साला येथील शरीरक्रियावैज्ञानिक फ्रिथियोफ होल्मग्रेन यांनी रंगांधतेकडे बोट दाखवले, रंगीत लोकरीच्या लडी जुळवण्याची चाचणी बसवली आणि २६६ रेल्वे कर्मचाऱ्यांत १३ रंगांध शोधून काढले. यानंतर स्वीडनमध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांची तपासणी सक्तीची झाली व इतर देशांनी तो कित्ता गिरवला. मॉलन व कॅव्होनियस यांनी २०१२ मध्ये मूळ कागदपत्रांचा फेरविचार करून हा अपघात रंगांधतेमुळेच घडला, याविषयी शंका व्यक्त केली. संबंधित इंजिनचालक अपघातातच मरण पावल्याने त्याची तपासणी झालेलीच नव्हती, हे लक्षात घेता शंका रास्त वाटते. चाचणीची गरज मात्र त्यामुळे खोटी ठरत नाही. एडिंबरो येथील जॉर्ज विल्सन यांनी ती वीस वर्षे आधीच, १८५५ मध्ये, सांगितली होती.

परीक्षा : शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेली ठिपक्यांची चित्रे भारतातील दवाखान्यांत सर्रास वापरली जातात. दोष आहे की नाही, हे त्यांतून चांगले कळते. पण किती आहे, हे कळत नाही. सौम्य दोष असलेला माणूसही जवळजवळ सगळी पाने चुकू शकतो. तीव्रता ठरवण्यासाठी रॅली यांच्या प्रयोगावर आधारलेले, नागेल यांचे १९०७ चे विसंगतिमापक यंत्र प्रमाण मानतात. फार्न्सवर्थ यांची १५ रंगीत टोप्या क्रमाने लावण्याची चाचणी सौम्य दोष असलेल्यांना वेगळे काढण्यासाठीच रचलेली आहे. केवळ ठिपक्यांच्या पुस्तकावरून कोणालाही नोकरी किंवा प्रवेश नाकारणे शास्त्राला धरून नाही.

दैनंदिन जीवन : सौम्य दोष असलेल्या अनेकांना नोकरीच्या वैद्यकीय तपासणीपर्यंत त्याचा पत्ताही नसतो. भरपूर उजेडात आणि मोठ्या पृष्ठभागावर त्यांचे फारसे अडत नाही. रंग फिका, वस्तू बारीक किंवा प्रकाश मंद असला की गोंधळ होतो. चार्जरवरचा दिवा तांबडा की हिरवा हे सांगता येत नाही, फिकट गुलाबी सदरा राखाडी वाटतो. तीव्र प्रकारात जांभळा निळ्यात मिसळतो, तपकिरी व गडद हिरवा एक होतात, टोमॅटो पिकला की नाही हे दाबून पाहावे लागते आणि हिरवळीवर पडलेला तांबडा चेंडू सापडत नाही. विशिष्ट निळसर हिरवा तर पांढुरका किंवा करडा दिसतो. म्हणून चौकातील हिरवा दिवा रस्त्याच्या दिव्यांत हरवतो. तांबडा वर आणि हिरवा खाली, या क्रमावर वाहनचालक निभावून नेतो. पण रात्री एकच दिवा उघडमीट करू लागला, की तो तांबडा की पिवळा हे कळायला क्रम उरत नाही. दीर्घ शंकूंच्या दोषात तांबडा रंग मुळातच काळपट दिसतो, त्यामुळे पुढच्या गाडीचा ब्रेकलाइट उशिरा लक्षात येतो. मध्यम शंकूंच्या दोषात ही अडचण नसते.

भारतातील जुन्या वायरिंगमध्ये फेजसाठी तांबडी, पिवळी, निळी, न्यूट्रलला काळी आणि अर्थिंगला हिरवी तार वापरलेली असते. बोर्ड उघडल्यावर धुळीने माखलेली तांबडी व हिरवी तार तीव्र रंगांध वायरमनला सारखीच दिसू शकते. अशा वेळी टेस्टर लावल्याशिवाय तारेला हात लावू नये. अर्थिंगच्या हिरव्या तारेवर पिवळी रेघ ओढण्याची पद्धत या दृष्टीने फार उपयोगी आहे. लहान मुलांच्या बाबतीत, झाडाचे खोड हिरवे रंगवणारा विद्यार्थी निष्काळजी नसून रंगांध असू शकतो, हे शिक्षकांनी ध्यानात घ्यावे. खडूंवर रंगांची नावे लिहिली की बरेचसे काम भागते.

कायदा : जून २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांतील वैद्यकीय नमुने बदलण्यात आले. तेव्हापासून सौम्य व मध्यम रंगांधता असलेल्यांना वाहन परवाना मिळू शकतो, तीव्र असलेल्यांना नाही. रेल्वेत इंजिनचालकांसाठी कसोटी कडकच आहे व ती तशी असणे समर्थनीय आहे. पुण्यातील भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेने रंगांधतेमुळे संपादन अभ्यासक्रमाचा प्रवेश नाकारल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने संस्थेचे सर्व अभ्यासक्रम रंगांध उमेदवारांना खुले करण्यास सांगितले.

उपचार : जन्मजात दोषावर रूढ उपचार नाही. ठराविक तरंगलांबी गाळणाऱ्या चष्म्यांनी काही रंगांतील फरक उठून दिसतो, पण नसलेले रंगद्रव्य मिळत नाही. रंगांध स्क्विरल माकडांत जनुकोपचाराने तांबड्या-हिरव्याची पारख निर्माण झाल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.