अमेरिकेत छोटा धंदा काढताय? विद्यापीठातला सल्लागार फुकट मिळतो

दिवाळीच्या आधी महिनाभर न्यू जर्सीतल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फराळाच्या ऑर्डरी सुरू होतात. अनारसे आधी सांगा, करंज्या संपल्या, चकली शनिवारी मिळेल. ऑर्डरी घेणाऱ्यांपैकी दोघी-तिघींच्या मनात दरवर्षी येतं की हे आता रीतसर करावं. मग गाडी अडते ती परवाना कुठला, एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढायची का, कर कसा भरायचा, इथे. या प्रश्नांसाठी सीपीएला (परवानाधारक हिशेबनिसाला) किंवा वकिलाला तासाचे पैसे मोजण्याआधी एक दार ठोठावून बघा. ते बहुतेक वेळा एखाद्या विद्यापीठाच्या नाहीतर कॉलेजच्या आवारातच असतं.

त्याचं नाव स्मॉल बिझनेस डेव्हलपमेंट सेंटर, बोलताना एसबीडीसी. १९७६ साली कॅलिफोर्नियात, पोमोनाच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात याचा पहिला प्रयोग झाला आणि १९८० मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला. आज पन्नासही राज्यांत मिळून सुमारे हजार ठिकाणी ही सोय आहे. केंद्र सरकारची स्मॉल बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एसबीए, जितके पैसे देते तितकेच यजमान संस्थेने स्थानिक पातळीवर उभे करायचे, अशी व्यवस्था. त्यामुळे समोरासमोरच्या सल्ल्याला फी नाही. कार्यशाळा बऱ्याचदा मोफत, काहींना थोडे पैसे पडतात. न्यू जर्सीचं मुख्यालय नेवार्कला रटगर्सच्या बिझनेस स्कूलमध्ये आहे. कीन युनिव्हर्सिटी, रॅरिटन व्हॅली कम्युनिटी कॉलेज अशा ठिकाणी शाखा आहेत.

आपल्याकडे फुकट म्हटलं की एकतर रांग लागते, नाहीतर संशय येतो. इथे संशयाचं कारण नाही. तुम्ही भरलेल्या करातूनच हे चालतं.

कोणाला मिळतं?

धंदा सुरू असलेल्यांना आणि अजून नुसता विचार करणाऱ्यांनाही. उत्पन्नाची अट नाही. धंदा एसबीएच्या मोजमापात ‘लहान’ असावा लागतो, पण ते मोजमाप भलतंच सैल आहे: कारखानदारीत कामगारांची संख्या बघतात, सेवा आणि किरकोळ विक्रीत मुख्यतः वार्षिक उलाढाल. पोळीभाजी केंद्र, शिकवणी, ब्यूटी पार्लर, दोन ट्रकची वाहतूक, हे सगळं त्यात आरामात बसतं.

अर्ज कसा करायचा?

अमेरिकाज एसबीडीसी या संघटनेच्या संकेतस्थळावर झिप कोड टाकला की जवळचं केंद्र सापडतं. तिथे समुपदेशनाची विनंती भरायची. मूळ कागद एकच, एसबीएचा फॉर्म ६४१. बहुतेक केंद्रांत तो ऑनलाइनच असतो. नाव, पत्ता, धंदा कुठल्या टप्प्यावर आहे, कशात मदत हवी, एवढंच. वंश, लिंग, अपंगत्व, लष्करी सेवा यांबद्दलचे रकाने आकडेवारीसाठी असतात, ते भरणं ऐच्छिक आहे. सोशल सिक्युरिटी नंबर त्यात मागत नाहीत.

सही करण्यापूर्वी खालचा मजकूर मात्र वाचा. सल्लागार तुमच्याकडून पैसे किंवा कमिशन घेणार नाही आणि स्वतःचा हितसंबंध असलेली वस्तू तुमच्या गळ्यात मारणार नाही, ही हमी तिथे असते. म्हणजे कोणी ‘मी करून देतो, वेगळे द्या’ म्हणालं, तर काय समजायचं ते समजा. उलट बाजूने, सल्ल्यातून नुकसान झालं तर दावा करणार नाही, असं तुम्हीही लिहून देता.

सोबत काय न्यायचं?

सक्तीचं काही नाही, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. ‘काय करू?’ असं विचारलंत तर पहिला तास तुमचीच माहिती काढण्यात जाईल. नवा धंदा असेल तर एका कागदावर लिहून न्या: काय विकणार, कोणाला, एका नगाला सामानाचा खर्च किती, स्वतःचा वेळ किती. आपल्या बायका तूप-बेसनाचा हिशेब चोख ठेवतात आणि स्वतःची मजुरी मात्र शून्य धरतात. सल्लागार हमखास तिथेच बोट ठेवतो. चालू धंद्याला तीन वर्षांचे टॅक्स रिटर्न, नफा-तोट्याचा तक्ता, बँक स्टेटमेंट आणि जागेचा भाडेकरार.

कर्ज काढायचं असेल तर एसबीएचा फॉर्म ४१३, म्हणजे तुमची मालमत्ता आणि देणी यांचा तक्ता, आधीच भरून बघा. एसबीडीसी स्वतः कर्ज देत नाही आणि अनुदानही देत नाही. आराखडा तपासून बँकेच्या दारापर्यंत पोचवणं, इतकंच तिचं काम. सल्ला मिळाला म्हणून कर्जाला पात्र झालात असं नाही. एसबीएच्या हमीच्या कर्जांसाठी नागरिकत्व आणि इमिग्रेशनचे नियम २०२५ पासून बरेच कडक झाले आहेत.

व्हिसाचा मुद्दाही तसाच. एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसावर असाल तर आधी वर्क परमिट हवं, आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याने नोकरी सांभाळून स्वतःच्या धंद्यात काम करणं महागात पडू शकतं. हे सल्लागाराला नव्हे, इमिग्रेशन वकिलाला विचारायचं. इथे पैसे वाचवू नका.

आता फराळाचं

घरी बनवलेले पदार्थ विकायला न्यू जर्सीत २०२१ पासून कॉटेज फूड परवाना मिळतो. फी १०० डॉलर, मुदत दोन वर्षं, वार्षिक विक्रीची मर्यादा ५०,००० डॉलर. अन्नसुरक्षेचं मॅनेजर सर्टिफिकेट लागतं, म्हणजे परीक्षा द्यावी लागते. कुठले पदार्थ करणार ते अर्जात लिहायचं, आणि हे अन्न तपासणी न झालेल्या घरगुती स्वयंपाकघरात तयार झालं आहे, असं लेबलवर छापायचं. वाचायला जरा कसंतरीच वाटतं, पण नियम आहे. फ्रिजमध्ये ठेवावं लागणारं काहीही यात चालत नाही. म्हणजे श्रीखंड बाद. रोजचे पोळीभाजीचे डबेही बाद. त्यासाठी परवानाधारक व्यावसायिक स्वयंपाकघर भाड्याने घ्यावं लागतं. त्याचं भाडं डब्याच्या किमतीत बसतं का, हा प्रश्न पहिल्या भेटीच्या कागदावर सगळ्यात वर लिहा.